मान मोडून कानातली शिट्टी जाते का?

पत्र असं आहे:

ताई, नमस्कार. मी इचलकरंजीचा, वय 48. गेली 22 वर्षं एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. मागांच्या शेडला लागूनच माझी गादी. मांडी घालून, पुढ्यातल्या बुटक्या मेजावर वही ठेवून दिवसभर लिहायचं. कामगार आला नाही की मागावरही उभं राहावं लागतं. चार वर्षांपासून मान आणि कंबर धरते. एक्स-रे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले. पट्टा दिला, गोळ्या दिल्या. फार दुखलं की अजूनही पेनकिलर घेतो. दोन वर्षांपासून दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सूं करतं ना, तशी. डावीकडे किंचित जास्त. रात्री लाइट बंद केली की फारच. मान दुखते त्या दिवशी शिट्टी वाढते, हे मी नक्की पाहिलंय. मेडिकलवाल्याने कानात घालायला थेंब दिले, आईने लसूण घालून कोमट तेल घातलं, फरक नाही. आता तिघं तीन गोष्टी सांगतात. तालमीतले वस्ताद म्हणतात, नस दबली आहे, मान बसवून देतो. कटिंगवाला दर वेळी मान मोडतो, त्याने तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. आणि मुलाने मोबाइलवर पुण्यातल्या एका कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने मणके बसवून देणाऱ्याचे, व्हिडिओ दाखवले. कडाकड आवाज निघतो आणि पेशंट हसत उठतो. एका वेळचे 3,000 रुपये. जाऊ का? मान सुटली की शिट्टी जाईल का? (शिट्टीने जागवलेला)

दादा,

मान, मणका, नस, वस्ताद, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. माझी नजर मात्र तुम्ही ओझरत्या टाकलेल्या एका वाक्यावर अडकली: मागांच्या शेडला लागून गादी, 22 वर्षं. आणि अख्ख्या पत्रात कानाच्या डॉक्टरचा पत्ता नाही. म्हणजे वाजतोय कान, आणि दोन वर्षांत त्यात कोणी डोकावून बघितलेलंच नाही. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, माझं पोट मानेवर आणि कमरेवर चालतं. तरी सांगते, मान जरा बाजूला ठेवा, आधी कानाकडे या.

धोट्याच्या मागांची शेड मी आतून पाहिली आहे. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, आणि तुमचे कामगार तर ओरडतही नाहीत, खुणांनी आणि ओठांवरूनच बोलतात. अशा शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वरच असतो. कारखान्यांच्या नियमात 90 डेसिबलला 8 तासांची मुभा आहे. पुढे दर 5 डेसिबलला वेळ निम्मी होते: 95 ला 4 तास, 100 ला 2 तास. तुम्ही भिंतीपलीकडे बसत असाल, पण दार उघडंच असणार. आणि बदली कामगार म्हणून मागावर उभे राहिलात तेव्हा तर थेट धोट्याच्या टोल्यात.

कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात केसांसारख्या टोकांच्या पेशी स्वरांच्या क्रमाने लागलेल्या असतात, पेटीच्या पट्ट्यांसारख्या. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातल्या उंच स्वराच्या पेशी आधी मरतात, साधारण 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या. त्या परत येत नाहीत. गंमत अशी, की माणसाला कळतच नाही. बोलण्यातले अ, आ, ओ असे स्वर खालच्या पट्टीतले असतात, ते ऐकू येतात. हरवतात ती ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी बारीक व्यंजनं. म्हणून समोरासमोर सगळं ठीक वाटतं आणि लग्नाच्या हॉलमध्ये मात्र पाहुणा काय म्हणाला ते कळत नाही, नुसती मान डोलवायची. घरी टीव्हीचा आवाज कोण वाढवतं आणि कोण कमी करतं, ते वहिनींना विचारा.

आता शिट्टी कुठून आली? मेंदूला त्या पट्टीतून काहीच ऐकू येत नाही, म्हणून तो आपला आवाज वाढवत नेतो. जुन्या रेडिओवर स्टेशन लागत नसताना बटण पिळलं की खरखर मोठी होते, तसंच काहीसं. आणि बहुतेक वेळा ती शिट्टी वाजते त्याच पट्टीत, जिथलं ऐकणं गेलेलं असतं. तुमची ‘कुकरची सूं’ बारीक आहे, दोन्ही कानांत आहे. माझ्या अंदाजाने तिचं मूळ शेडमध्ये आहे, मानेत नाही. पण हा झाला पत्रावरून केलेला अंदाज. खरं-खोटं अर्ध्या तासाच्या तपासणीत, ऑडिओमेट्रीत कळेल.

म्हणजे मान दुखली की शिट्टी वाढते हा तुमचा भ्रम? नाही, इथे तुमचं निरीक्षण पक्कं आहे. वस्ताद म्हणतात तशी कानाची नस मात्र मानेत दबत नाही, कारण ती मानेत नसतेच. ती अंतर्कर्णातून निघते आणि कवटीच्या आतल्या आत मेंदूच्या देठात शिरते. पण देठातल्या तिच्या पहिल्या थांब्यावर आणखी पाहुणे येतात. जबड्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या स्नायूंकडून निघालेल्या तारांचाही तिथे शिरकाव असतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सुसान शोअर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच थांब्यावर काम करत आले आहेत. मान आखडली की तिथली गडबड वाढते आणि आधीची शिट्टी मोठी होते. आग शेडने लावली आणि मान वारा घालते, असं म्हणा हवं तर.

घरी करून बघा. शांत खोलीत बसा. दाढा घट्ट आवळा, दहा आकडे मोजा. मग कपाळाला तळहात लावून डोकं पुढे ढकला, हात ढकलू देत नाही असं, हळू. मग डोक्याच्या मागून, मग दोन्ही बाजूंनी. कुठे शिट्टी चढते, उतरते किंवा तिची पट्टी बदलते का? बदलली तर मानेचा तिच्यात हात आहे. पण फार खूशही होऊ नका. शिट्टी असणाऱ्या पुष्कळांची शिट्टी अशी बदलते, आणि त्या सगळ्यांचं मूळ मानेत नसतं. शिवाय मान दुखते त्या रात्री झोप उडते, झोप उडाली की शांततेत शिट्टीच ऐकत पडायचं. तोही हिशेब धरा, तुम्ही दिवाणजी आहात.

मानेवर हाताने उपचार करून कानातला आवाज कमी होतो का, हे बेल्जियममध्ये अँटवर्पला सारा मिशिल्स यांनी रीतसर तपासलं, निकाल 2016 मध्ये छापला. त्यांनी पेशंट निवडूनच घेतले होते, ज्यांची मान आणि कान दोन्ही एकमेकांत गुंतल्यासारखे वाटत होते असे 38 जण. सहा आठवड्यांत 12 वेळा फिजिओथेरपी. संपल्या संपल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी आवाज चांगलाच कमी झाल्याचं सांगितलं. आणखी सहा आठवड्यांनी विचारलं, तर तो फरक टिकला होता चौघांतल्या एकाला. ज्यांचा आवाज खालच्या पट्टीतला होता आणि मानेबरोबर चढत-उतरत होता, त्यांना जास्त गुण आला. तुमचा आवाज मानेबरोबर चढतो, हे एक जमेचं. तो बारीक आहे, हे एक वजावटीचं.

इथे माझीच एक फजिती सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक पेटी शिकवणारे गुरुजी आले. मान धरलेली आणि उजव्या कानात घूं आवाज. ‘काळी दोनच्या खर्जात घुमतंय बघा,’ असं त्यांनी पट्टीसकट सांगितलं. मी तेव्हा नवीनच कोर्स करून आले होते. छातीठोक म्हणाले, मानेतून येतंय, घालवते. आठ दिवस मेहनत घेतली. मान सुटली, घूं तसंच. नवव्या दिवशी त्यांच्या सुनेने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कानात कडक झालेला मळाचा खडा होता. तो निघाला, आवाजही निघाला. गुरुजी मिठाई घेऊन आले, माझ्या तोंडाला कुलूप. तेव्हापासून कानात आवाज म्हणणाऱ्या पेशंटच्या मानेला, त्याच्या कानात डॉक्टरने बघितल्याशिवाय, मी हात लावत नाही.

आता तुमचे तीन सल्लागार.

वस्तादांबद्दल मला आदर आहे. कोल्हापूरकडच्या तालमींत मालिशीचा हात पिढ्यानपिढ्या मुरलेला आहे. खांदे, पाठ, कंबर त्यांच्याकडून तेल लावून रगडून घ्या, मजेत घ्या. आमच्या घरी उसण भरली की गल्लीतल्या पायाळू बाईला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचे. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही, कारण त्या बाई नुसता पाय लावायच्या. मान धरून झटका देणं निराळं. तिथे वस्ताद, कटिंगवाला आणि 3,000 रुपयेवाला, तिघांनाही माझं उत्तर एकच: नको.

कारण असं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या चार मोठ्या रक्तवाहिन्यांपैकी दोन मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात, सुईत ओवल्यासारख्या. सगळ्यात वरच्या दोन मणक्यांशी त्या वळण घेतात. मान एकीकडे पूर्ण वळवून वरून झटका दिला की नेमक्या तिथे त्यांना पीळ बसतो. क्वचित आतलं अस्तर फाटतं, गुठळी होते आणि मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. 2016 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला एक 34 वर्षांची मॉडेल मान मोडून घेतल्यानंतर अशीच गेली. तिथल्या कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचं कारण म्हणून तेच लिहिलं. हे फार दुर्मीळ आहे, मान्य. पण अंतर्कर्णाचा रक्तपुरवठाही याच वाटेने येतो. शिट्टी घालवायला गेलेल्या माणसाने नेमका तोच नळ पिळून घ्यायचा, हे काही मला पटत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, ठिसूळ हाडं, संधिवात, पूर्वीचा अपघात, यांपैकी काही असेल तर मग विचारच नको.

आणि तो ‘कडाक’ म्हणजे हाड बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडतानाही हाच. झटक्यानंतर भोवतालचे स्नायू काही वेळ ढिले पडतात म्हणून मोकळं वाटतं. थोड्या वेळाने मान पुन्हा जिथल्या तिथे; ‘तेवढ्यापुरतं’ हे तुम्हीच लिहिलंय. कटिंगवाल्याला पुढच्या वेळी फक्त केस कापायला सांगा.

कायरोप्रॅक्टिकच्या जन्माची गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण तीही कानापासूनच सुरू होते. 1895 साल. अमेरिकेत आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट नावाचं गाव. तिथे डी. डी. पामर नावाचा गृहस्थ चुंबकांनी उपचार करायचा. त्याच इमारतीत झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड नावाचा माणूस होता, त्याला वर्षानुवर्षं ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत कट्कन काहीतरी वाजलं आणि तेव्हापासून ऐकू येईना, असं तो म्हणायचा. पामरने त्याच्या पाठीत एक मणका सरकलेला शोधला, दाबून ‘बसवला’, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं असं जाहीर केलं. त्यावर अख्खी पद्धत उभी राहिली. आता मघाशी सांगितलेलं आठवा: कानाची नस मणक्यातून जातच नाही. तेव्हापासून आजपर्यंत डॉक्टर लोक विचारतायत, मग मणका दाबून कान उघडला कसा? वस्तादांच्या ‘नस दबली’ला सव्वाशे वर्षं वयाचा अमेरिकन भाऊ आहे तो असा.

व्हिडिओंबद्दल एवढंच, की हसत उठलेला पेशंट दिसतो, तोच पेशंट सहा आठवड्यांनी कसा आहे ते कोणी दाखवत नाही. आणि आपल्याकडे या व्यवसायाला सरकारी परिषद नाही, नोंदणी नाही. पाटी कोणीही लावू शकतो. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात परिषद आहे. बीपीटी किंवा एमपीटी पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर चेहरा वाकडा झाला तर उठून या.

मग मानेवर हाताने उपचार घ्यायचेच नाहीत? घ्यायचे की. मान दुखते, चार वर्षं दुखते, तिचा तो हक्कच आहे. फक्त मानेसाठी घ्या, शिट्टीच्या आशेवर घेऊ नका. शिट्टी उतरली तर ती वरकड कमाई.

चांगल्या हातात काय घडतं ते सांगते, म्हणजे ओळखता येईल. पहिल्या दिवशी निम्मा वेळ नुसते प्रश्न आणि तपासणी. मान कुठे अडते, हाताची ताकद, रिफ्लेक्स, जबडा उघडताना सरकतो का, बीपी. मग उताणं झोपवतात. डोक्यामागे दोन्ही हात, बोटांची टोकं कवटीच्या कडेखाली, आणि तुमचं डोकं त्या बोटांवर नुसतं ठेवलेलं. दोन मिनिटं काहीच होत नाही. तुम्हाला वाटतं, एवढ्यासाठी पैसे? मग बोटांखालचा ताठ गोळा हळूहळू विरघळतो आणि डोकं एकदम जड होतं, पिकलेल्या फणसासारखं. तो भार हाताला कळला की मी समजते, आता मान माझ्यावर सोडली. नंतर कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू. तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हळू दाबायचा. कधी कधी पेशंट तिथेच दचकून म्हणतो, ‘ताई, शिट्टी वाढली!’ आणि सोडल्यावर उतरते. असं झालं की मी वहीत चांदणी काढते, कारण अशा माणसाला मानेच्या उपचाराने कानाचाही थोडा फायदा व्हायची शक्यता जास्त. मणके एकेक करून अंगठ्याने हलवणंही त्यात येतं. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी त्या हलवण्याच्या चार पायऱ्या लावून दिल्या. पाचवी म्हणजे झटका. माझ्याकडे मानेला पाचवी पायरी नाही, आणि तुमच्या थेरपिस्टलाही आधीच सांगून ठेवा, ‘मानेला झटका नको.’ हे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

करंटचं मशीन लावून, शेकाची पिशवी ठेवून 20 मिनिटं दुसऱ्या पेशंटकडे जाणारा भेटला तर तो हाताचा उपचार नव्हे. शेकाने बरं वाटतं, पण तो घरीही घेता येतो. आठवड्यातून दोनदा, सहा वेळा जा. सहा वेळांत मान वळण्यात काहीच फरक नसेल तर सातव्या वेळेची वाट बघू नका. आणि व्यायाम दिले नाहीत तर मागून घ्या. एक मीच सांगते: ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्या, समोरच्याच्या तोंडाला वास येतोय अशी. खाली वाकवायची नाही. पाच आकडे थांबा, सोडा, दहा वेळा. वही मिटताना एकदा, जेवणानंतर एकदा.

‘मणक्यात गॅप’चं एवढं मनावर घेऊ नका. मुळात बोलतो तेच उलटं; गॅप येत नाही, दोन मणक्यांमधली असलेली फट कमी होते. पन्नाशीच्या आसपासच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एक्स-रे काढले तरी पुष्कळांत ती दिसेल. केस पांढरे होतात तसंच ते. पट्टा दिवसभर घालून बसू नका, त्याने मानेचे स्नायू आळशी होतात. फार दुखलं तर दोन-तीन दिवस पुरे. त्यापेक्षा मेजाखाली दोन-दोन विटा लावा, म्हणजे वही डोळ्यांकडे येईल आणि डोळे वहीकडे उतरायचे थांबतील. बुडाखाली जाड उशी घ्या, गुडघे बुडापेक्षा खाली राहू देत. पाठीला तक्क्या आहेच, त्याला टेका. तो काय फक्त शेठजी आल्यावर दाखवायचा?

कमरेचा आणि कानाचा काही संबंध नाही. गादी सुधारली, अर्ध्या तासाला उठलात, चाललात, तर ती बरीच ऐकेल. मात्र संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं पाठदुखणं असेल तर मालीश-बिलीश सगळं थांबवून डॉक्टर गाठा. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे, आणि त्यावर रगडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. सदऱ्याची बटणं लावताना बोटं चुकणं, चालताना पायातली चप्पल निसटलेली न कळणं, लघवीवर ताबा कमी होणं, हेही तसंच: आधी डॉक्टर. आणि मान मोडल्यानंतर कधी नव्हे तशी मान-डोकं दुखायला लागलं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, तोल जाणं, यातलं काही झालं तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

कानाच्या बाबतीत घाई करायची ती अशी: एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर त्याच दिवशी जा, कारण त्यावर स्टेरॉइडचा उपचार लवकर सुरू झाला तरच उपयोगाचा. शिट्टीऐवजी नाडीच्या ठोक्यागणिक धप् धप् ऐकू यायला लागलं, किंवा आवाज एकाच कानात राहिला, तर एमआरआयसारखी पुढची तपासणी लागते. डावीकडे किंचित जास्त आहे म्हणता, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेडचा आवाज दोन्ही कानांना साधारण सारखाच बसतो, म्हणून दोन कानांत फार फरक दिसला तर ते कारण शोधतील.

पेनकिलर रोज होत असेल तर तीही त्यांना दाखवा. अ‍ॅस्पिरिन आणि त्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या जास्त घेतल्या की कानातला आवाज वाढू शकतो. मानेसाठी घेतलेली गोळी कानात वाजत असेल, तर मान आणि कान एकाच दिवशी वाढण्याचं तेही एक कारण. तेल आणि थेंब आजपासून बंद. पडद्याला भोक आहे की नाही हे कोणी बघितलेलं नसताना कानात काहीच घालायचं नाही. आईंना सांगा, लसूण आमटीत छान लागतो. जिंकगोच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या तर मोठी आशा ठेवू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत, सततच्या त्रासदायक आवाजासाठी त्या देऊ नका असंच म्हटलंय. त्यांनी सुचवलेल्या गोष्टी साध्या आहेत: ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्र, आणि आवाजाने झोप, चित्त बिघडलं असेल तर समुपदेशकाकडून शिकायची एक पद्धत, सीबीटी. तिने शिट्टी बंद होत नाही, शिट्टीशी लागलेलं भांडण मिटतं. श्रवणयंत्राचं नाव काढलं की पुरुषमंडळी चश्म्याला लाजत नाहीत एवढी लाजतात. पण बाहेरचे बारीक आवाज पुन्हा आत यायला लागले की शिट्टी पुष्कळांची मागे पडते.

तोवर रात्री अगदी गुडुप शांतता ठेवू नका. थंडीतही पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवा, किंवा रेडिओ हळू. आवाज शिट्टीपेक्षा थोडा कमीच, तिला बुडवायचं नाही. इअरफोन घालून झोपायचं नाही. शेडमध्ये जाताना कापसाचे बोळे घालता का? त्यांनी जवळजवळ काही अडत नाही. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, चिमटीत वळून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. पण फक्त शेडमध्ये. गादीवर, घरी घालून बसलात तर शिट्टीला रान मोकळं.

तपासणीला कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा किंवा मिरजेला सिव्हिलमध्ये, दोन्ही तुम्हाला जवळच. जायचा दिवस सुट्टीला लागून निवडा आणि त्या सकाळी शेडमध्ये पाऊल टाकू नका. मोठ्या आवाजातून उठून गेलेला कान काही तास सुन्न असतो, त्या अवस्थेत काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, खोटा निघतो. निदान 16 तास कानाला आराम हवा. एक्स-रे आणि गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत न्या. कागद हातात आला की 4,000 च्या रेघेवर दोन्ही कानांची वळणं कुठे उतरलीत ते बघा, आणि तो आकडा मला कळवा. मानेसाठी कोणाकडे जायचं आणि काय मागायचं, ते त्यानंतर लिहिते.